ढगात राहणाऱ्यांचे निवेदन

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत म्हणे मेघकक्ष होणार आहे. ‘मिशन मौसम’ला सप्टेंबर २०२४ मध्ये दोन हजार कोटींची मंजुरी मिळाली, त्यातलाच हा बेत. बंद जागेत वाफ आणि धूलिकण सोडायचे आणि ढग कसा धरतो ते पाहायचं. आमची हरकत नाही. घाटमाथ्यावरच्या आमच्या कणकुंबी गावात घर बांधताना ढगासाठी कुणी वेगळी खोली काढत नाही, एवढंच नम्रपणे नोंदवतो. जून ते सप्टेंबर तो सगळ्याच खोल्यांत असतो.

असा ढग विमानावर लावायची यंत्रं पारखायलाही उपयोगी पडतो. एका यंत्रात लेझरच्या झोतातून थेंब गेला की विखुरलेल्या प्रकाशावरून त्याचा आकार काढतात: २ ते ५० मायक्रॉन. त्या आकड्यावर भरवसा बसावा म्हणून आधी ठरावीक मापाचे काचमणी सोडून पाहतात. काच पाण्याहून जास्त प्रकाश वळवते, म्हणून पुन्हा हिशेबात दुरुस्ती. एका थेंबाचं एवढं कौतुक! आमच्याकडे पाण्याची मोजणी टीएमसीच्या, म्हणजे अब्ज घनफुटांच्या, खाली उतरतच नाही. गावातल्या माउलीच्या देवळापाशी उगम पावलेली मलप्रभा सौंदत्तीच्या धरणात पोचली की मग तिची पातळी वर्तमानपत्रात येते. म्हादई नदीचं पाणी या मलप्रभेत वळवणाऱ्या कळसा-भांडुरा प्रकल्पासाठी पाणीवाटप लवादाने २०१८ साली ३.९ टीएमसी लिहून दिले. आमच्या गादीत शिरलेलं पाणी कोणत्या राज्याच्या वाट्याचं, हे मात्र निवाड्यात नाही.

दुसरं एक यंत्र मला घरचंच वाटतं. त्यात तापलेली तार असते. थेंब तिच्यावर आपटून त्यांची वाफ होते, आणि तार तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागली त्यावरून ढगातलं पाणी काढतात. ओल्या बनियनवर इस्त्री फिरवून आम्ही नेमकं हेच मापन करतो. त्यांचा आकडा शोधनिबंधात छापतात, आमचा बिलात.

विल्सन नावाचे स्कॉटिश गृहस्थ सप्टेंबर १८९४ मध्ये बेन नेव्हिसच्या माथ्यावर काही दिवस राहिले, तिथलं धुकं पाहून परतल्यावर काचेच्या भांड्यात ढग करू लागले. तशाच भांड्यात पुढे अदृश्य कणांच्या वाटा दिसल्या आणि १९२७ साली त्यांना नोबेल मिळालं. आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ढगात आहेत. आम्हाला मऊ पापड, पाणी सुटलेलं मीठ, न पेटणारी काडेपेटी आणि लग्नाच्या अल्बमवर बुरशी मिळाली.

पुण्याच्या या संस्थेचं विमानांतून होणारं मेघसंशोधन २०१८-१९ मध्ये सोलापुरात चाललं, कारण तिथे पाऊस कमी. शास्त्राला धरूनच आहे. आमच्यावरून एखादं विमान गेलंही असेल. ढगामुळे दिसलं नाही.

तरी विनंती, की यंत्रं इकडे आणावीत. माजघर रिकामं करून देऊ, भाडं नको. भिंगावर दव धरू नये म्हणून यंत्रात जो हीटर असतो, त्याचं तोंड रात्री अंथरुणाकडे करावं. निवेदन टपालानेच धाडणार होतो, पण कागद आत घालण्यापूर्वीच पाकिटाचा डिंक ओला होऊन ते आपोआप बंद झालं आहे.