चार इंचांचा चेंडू

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

तीर्थरूप आप्पांना आणि सौ. आईला साष्टांग नमस्कार.

आई, तुझा फोन आला तेव्हा फोडणी करपत होती, म्हणून नीट बोलले नाही. पाय मोडलेला नाही. पुढच्या ओट्याची एक फळी कुजली होती, तिच्यातून उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला, एवढंच. अभय मला ओढून काढायचं सोडून फळी कुठवर कुजली ते बघत बसला. जावई तुम्हीच पसंत केलात. अंतरपाट धरला होता तेव्हाही हा मांडवाचे बांबू मोजत होता.

पार्सल पोचलं. भाजणी, मेतकूट, नाचणीचे पापड, सगळं धड. पत्त्यात आप्पांनी ठळक अक्षरांत 'तालुका राजगड' लिहिलंय. चिनू विचारतो, आजोबांनी घर कधी बदललं? म्हटलं, घर तिथंच आहे, २०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्ह्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. पण आप्पा, एसटीत तिकीट अजून 'वेल्हं एक' म्हणूनच मागता ना?

आता इथला ओटा. ओटा कसला, लाकडी मचाणच ते. ठेकेदार म्हणतो, सगळंच काढून नवं करा, आणि फळ्या लाकडाचा भुसा नि प्लॅस्टिक एकत्र दाबून केलेल्या घ्या. कुजत नाहीत, वाळवी लागत नाही. भाव सांगितला चौदा हजार डॉलर. म्हणजे बारा लाखांच्या घरात. आईला आधी पाणी द्या, मग पुढचं वाचून दाखवा. एवढ्यात आपण ओटा, पडवी आणि गोठा ग्रॅनाइटचा करून म्हशीला पायपुसणं घेतलं असतं.

वर परवानगी. ओटा जमिनीपासून ३० इंचांहून उंच असला की कठडा पाहिजेच. तो किमान ३६ इंच उंच, आणि गजांच्या फटीतून ४ इंचांचा गोळा आरपार जाता कामा नये. तान्हं पोर निसटू नये म्हणून. नगरपालिकेचा माणूस येऊन हे तपासणार. चिनूने तेवढ्या मापाचा चेंडू शोधून ठेवलाय आणि रोज घरातल्या सगळ्या फटी तपासतोय. आपला ओटा तीन फूट उंच, कठड्याचा पत्ता नाही, आणि त्यावर आम्ही सात पोरं वाढलो. पडले ते एकटे बापूकाका. झोपेत गडगडत थेट खुराड्यावर, आणि उठून विचारतात, "भोर आलं का?"

(मशीनमधले कपडे काढून आले. तेवढ्यात मंगळवार उजाडला.)

मंदीच्या लग्नात आहेर परत केला, हे खरं का? सुमनआत्या फोनवर नुसतं "नको ते" म्हणाली आणि पाऊण तास तेच बोलली.

आणि आप्पा, तात्यांनी ओट्याला चकचकीत टाइल्स लावल्या म्हणून आपणही लावायच्या, हे कोणी ठरवलं? तात्यांचं घर पुण्यात असतं तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे आषाढात पाऊस आडवा येतो, ओट्याला कागद बांधला तरी पाणी आत येतं. ओल्या टाइलवर तुमचं ते धोतर सावरत चालणं मला इथून दिसतं. शिवाय तुम्ही फळी लावून मोटारसायकल ओट्यावर चढवता. टाइलखाली कुठे पोकळ राहिलं असेल तर नेमकं तिथंच स्टँड टेकणार, आणि टाइल फुटणार.

शहाबादीच घ्या. पॉलिश न केलेली, खरबरीत अंगाची, जाड. घेताना नाण्याने वाजवून बघा. खणखणीत वाजली पाहिजे, भद्द आवाज आला तर बाजूला काढा. गवंड्याला अंगणाकडे ढाळ द्यायला सांगा, फुटाला पाव इंच पुरे. काम झाल्यावर तो ॲसिडने धुवायला निघाला तर अडवा. शहाबादी हा चुनखडीचाच दगड, ॲसिड त्याला खातं. शेवाळ धरेल, पण खराट्याने निघेल.

मग तूच का लावत नाहीस, असं म्हणाल. इथे थंडीत जमीन गोठते, खांबांचे पायेसुद्धा तीन फूट खाली न्यावे लागतात. दरजांत पाणी शिरून गोठलं की फुगतं आणि फरशी उचलून टाकतं. म्हणून हे प्लॅस्टिक. नमुन्याची फळी दुपारी बाहेर ठेवली होती, तिच्यावर अनवाणी उभी राहिले तर तळवे पोळले. एकदम वळचणीखालची आपली काळ्या दगडाची पायरी आठवली. शाळेतून आले की दप्तर टाकून तिच्यावर गाल टेकायची मी, आणि आई आतून ओरडायची, "तोंड धू आधी!" अभयने विचारलं, काय झालं? म्हटलं, पाय भाजला.

ती पायरी काढू नका. आणि ओट्यावरचं उखळही बुजवू नका. गवंडी म्हणतो म्हणे, त्यात पाय अडकतो. इतक्या वर्षांत कोणाचा अडकला? बापूकाकांचाच ना? मग फरशी त्याच्याभोवती कापून बसवायची. गोल जमत नसेल तर चौकोनी. आजीने त्यात कांडलेल्या हळदीचा पिवळा डाग खाली अजून आहे का, तेवढं बघून फोनवर सांगा.

दारात गाडी थांबली. चिनू चेंडू घेऊन पळालाय, तपासायला आलेल्या माणसाच्या आधी हाच तपासणार बहुतेक. जाते.

तुमची,
शकू