पांडव इथेही येऊन गेले

सह्याद्रीतल्या कुठल्याही गावात जा आणि ‘हे देऊळ किती जुनं?’ असं विचारा. उत्तर ठरलेलं: पांडवांच्या वेळचं. बिचाऱ्यांना वनवास बारा वर्षांचा, वर एक वर्ष अज्ञातवास. तेवढ्यात त्यांनी महाराष्ट्रात खोदलेली लेणी, बांधलेली देवळं आणि टाकी मोजली, तर द्यूतावरून एकमेकांना बोल लावायलासुद्धा त्यांना फुरसत मिळाली नसणार. अंबरनाथचं शिवालयच घ्या. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ स्वच्छ कोरलेला. शिलाहार राजा माम्वाणीचं नावही आहे. पण श्रेय पांडवांचं. एका रात्रीत बांधायला घेतलं, उजाडलं, आणि गाभाऱ्यावरचं छत राहून गेलं! शिलाहारांनी निदान एक वकील तरी ठेवायला हवा होता.

जव्हारला मात्र माझी पंचाईत झाली. इथे एका गोष्टीला शतकाचा पत्ता नाही आणि दुसरीला थेट तारीख आहे. इथल्या मुकणे राजघराण्याच्या मूळपुरुषाची कथा अशी: पिंपरीजवळ पाच साधूंनी त्याला आशीर्वाद दिला, ‘तू जव्हारचा राजा होशील.’ मग तो सुरतेकडे, काठेवाडाकडे फिरून आला आणि इथल्या वारली राजाकडे त्याने जमीन मागितली. फार नाही, एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच. राजा हो म्हणाला. यावर याने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडत नेली आणि राजाच्या गढीलाच वेढा घातला! वारली राजाला गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख देऊन वाटेला लावण्यात आलं. नेमकी हीच युक्ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज वसवताना डिडो राणीने केली, असं रोमन लोक सांगत. कोणी कोणाची उचलली, यात मी पडत नाही. जमिनीचा व्यवहार करताना मोजमापाचा शब्द नीट वाचावा, हे दोन्हीकडच्यांना पुरेसं आधी कळलं होतं, एवढं खरं.

पुढच्याच पिढीत सगळं कागदावर येतं. नेमशहाला दिल्लीच्या सुलतानाने ‘शहा’ हा किताब दिला तो ५ जून १३४३ रोजी. त्या दिवसापासून संस्थानाने स्वतःचा शक सुरू केला आणि सहाशे वर्षं चालवला. बाप दंतकथेत आणि मुलगा कॅलेंडरवर, असं घराणं मी दुसरं पाहिलेलं नाही.

मोखाड्याच्या बाजूला ‘जुनं देऊळ’ शोधत निघालो, तर एका माणसाने मला झाडाखाली नेऊन उभं केलं. भिंत नाही, छप्पर नाही. उभी रोवलेली लाकडी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, बाजूला नाग. शेंदराचे थर एवढे की वाघाचे पट्टे पार बुजलेले आणि तो थोडा गुबगुबीत मांजरासारखा दिसू लागलेला. हा वाघदेव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला नारळ, कोंबडं मिळतं. बदल्यात त्याने गुरांकडे पाहायचं नाही. मी सवयीने विचारलं, ‘किती जुना?’ तो म्हणाला, ‘फळी की देव?’

फळी कुजली की नवी बसवतात. पुरातत्त्व खात्याला यात काही करण्यासारखं नाही.

बाकीच्या देवांना तर जागेचंही बंधन नाही. बोहाड्याच्या, म्हणजे मुखवट्यांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवाच्या, रात्री ते स्वतःच चालत येतात. संबळ वाजू लागतो, टेंभे पेटतात, आणि गणपती, शारदा, नरसिंह, रावण अशी सोंगं एकामागून एक गल्लीतून नाचत येतात, चार पावलं पुढं, दोन मागं. ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराकडे असतो. त्यामुळे दिवसा ज्याने तुम्हाला चहा दिला तोच रात्री दहा तोंडं सावरत समोरून येतो, आणि तुम्ही नकळत बाजूला होता. ‘मुखवटा कागदाच्या लगद्याचा आहे’ हे ठाऊक असूनही होता. शेवटी देवी येते आणि महिषासुराचा निकाल लागतो. दरवर्षी लागतो.

खोडाळ्याजवळ देवबांध म्हणून गाव आहे. गणपतीचं देऊळ, शेजारी नदी. एकेकाळी देवांनीही इथं बांध घालायचं मनावर घेतलं असावं, असं नावावरून वाटतं. देवांचं काय झालं कोण जाणे, मुंबई महापालिकेचं मात्र तडीस गेलं. याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला वैतरणेवर मध्य वैतरणा धरण उभं आहे, शंभर मीटरहून उंच. पाणी मुंबईला जातं. मोखाड्यात पाऊस धो-धो कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन टेकडी उतरतात. मला ती कातड्याची गोष्ट परत आठवली. मुंबईनेही बेताचीच जागा घेतली. वादी मात्र शंभर किलोमीटरच्या वर लांब काढली.

देवळाच्या पायरीवर एक आजी मोहाची फुलं निवडत बसल्या होत्या. कुठून आलात म्हणून विचारलं. मी मुंबई म्हणालो.

‘मुंबईचे का?’ फुलं बाजूला सारत त्या म्हणाल्या, ‘मग आमचं पानी पोचतं ना नीट?’