पोपटीला तोटी

पोपटी लावायला वालाच्या शेंगा लागतात, भांबुर्डीचा पाला लागतो, मातीचं मडकं लागतं आणि निदान एक तरी माणूस असा लागतो, जो गप्प बसू शकेल. पहिल्या तीन वस्तू पैसे टाकून किंवा बांधावर वाकून मिळतात. चौथी आमच्या सासुरवाडीत पिढ्यान्‌पिढ्या पैदा झालेली नाही. बाहेरून आलेले जावई, म्हणजे मी आणि साडू, हेही या बाबतीत घराण्याला साजेसेच पाहून घेतलेले आहेत.

पोपटीत आचाऱ्याला करण्यासारखं काही नसतं. झाकण उघडून बघता येत नाही, ढवळता येत नाही, मीठ चाखता येत नाही. मडकं भरायचं, त्याचं तोंड पाल्यानं गच्च बुजवायचं, पालथं घालायचं, भोवती जाळ करायचा आणि अर्धा-पाऊण तास आपलंही तोंड तसंच ठेवायचं. वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांचा आणि पाल्याचा जो काही ओलावा असेल त्याच्या वाफेवर सगळं शिजतं. आता करायला काही नसलं की सांगायला भरपूर उरतं, आणि तिथे मी लागतो.

मला जमिनीवर बसता येत नाही. बसता येतं, उठता येत नाही. त्यामुळे कुठल्याही शेकोटीभोवती सगळे खाली आणि मी एकटा प्लास्टिकच्या खुर्चीवर असतो. उंचावर बसलेल्या माणसाकडे अध्यक्षपद आपोआप येतं. मी ते कधी नाकारलेलं नाही.

यंदाच्या पोपटीला सगळे मिळून निघालो. गेटवेवरून लाँचनं तासाभरात मांडवा आलं. वाटेत लोक कुरव पक्ष्यांना गाठ्या चारत होते आणि पक्षी त्या लोकांपेक्षा शिस्तीत खात होते. अलिबागला कुलाबा किल्ला पाहिला. किनाऱ्यावरूनच पाहिला, कारण भरती होती. साडूंना तसंही किल्ल्यात रस नव्हता. ते एका कारखान्यात बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले. त्यांचा जीव इथल्या चुंबकीय वेधशाळेत. मुंबईत विजेच्या ट्राम धावायला लागणार, त्या विजेनं नाजूक सुया भरकटणार, म्हणून तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम १९०४ साली अलिबागला हलवलं, हे त्यांनी अख्ख्या बसला ऐकवलं. मला ही हकिगत फार आवडली. मुंबईची गडबड नको म्हणून अलिबागला आलेले ते शेवटचे लोक असावेत. आमच्या मागे-पुढे, जानेवारीतल्या त्या शनिवारी, गडबड सोबत घेऊनच सगळे निघाले होते.

मुक्काम बायकोच्या मावशीकडे, चौलच्या अलीकडे. मावशीनं चहा दिला, पांढऱ्या कांद्याची माळ ओसरीवर टांगली आणि विचारलं, "पाला आनलाव?"

भांबुर्डी शोधायला भाचा आणि मेहुणे निघाले. पावसाळ्यानंतर बांधावर, पडीक जागेत ही आपोआप उगवते. पानं जराशी लवदार, चुरगाळली की कापराच्या अंगानं जाणारा उग्र वास, आणि तो हाताला लागला की दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत सोबत करतो. भाच्यानं मोबाइलवर फोटो काढून झाड ओळखणाऱ्या अॅपला विचारलं. अॅपनं ती शेवंती असल्याचा निर्वाळा दिला. दोन्ही एकाच कुळातल्या, तेव्हा अॅपनं घराणं बरोबर सांगितलं, मुलगी भलतीच दाखवली. मेहुण्यांनी यंत्रावर विसंबायचं नाही असं ठरवून छातीशी धरून एक भारा आणला. तो गाजरगवताचा होता. मावशीनं तो न बोलता कुंपणापलीकडे टाकला. मेहुणे रात्रभर खाजवत होते, पण ते पोपटीच्या खात्यात धरता येत नाही.

मडकं आणायला साडू गेले. जानेवारीतल्या शनिवारी दुपारी अलिबाग तालुक्यात रिकामं मडकं मागणं हा धाडसाचा प्रकार आहे. मडकी शुक्रवारीच संपली होती. उरले होते ते उन्हाळ्यासाठी येऊन पडलेले पाण्याचे माठ, बुडाशी तोटीसाठी भोक पाडलेले. दुकानदारानं तोटी फुकट देऊ केली. फुकट वस्तू नाकारणं साडूंच्या कुंडलीत नाही. ते माठ घेऊन आले, तोटी खिशात घालून.

"याला भोक आहे," मेहुणे म्हणाले.

"व्हेंट आहे," साडू म्हणाले. "सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेल्या बॉयलरजवळ मी उभ्या नोकरीत गेलो नाही."

मी खुर्चीवरून एक मुद्दा मांडला. माठ सरळ असताना भोक खाली असतं, पण पोपटीत तो पालथा घालायचा, म्हणजे भोक वर येणार. वाफ कुठे जाते? वर. मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मग मी निर्णय दिला की भोक बुजवावं. कशानं, हे समितीवर सोपवलं. मेहुणे म्हणाले कणकेनं, दम बिर्याणीला लावतात तशी. साडूंना तोटीच बसवायची होती. ती प्लास्टिकची आहे आणि खाली विस्तव असणार आहे, हे त्यांना समजावण्यात काही वेळ गेला. मावशी आतून म्हणाली, "चिखल लावा रे," आणि जाडं मीठ आणायला गेली. तेवढ्यात भाच्यानं बटाटा सोलून, तासून, त्या भोकात ठोकून बसवला. बटाट्याला विरोध झाला नाही, कारण तो कोणाच्याच सूचनेत नव्हता.

भरणं मात्र मावशीनं कोणाला करू दिलं नाही. तळाला भांबुर्डी, वर शेंगांचा थर, मूठभर जाडं मीठ, ओवा, मग रताळी, बटाटे, पुन्हा शेंगा. मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी यात असायला हवी, पण शनिवार होता. शनिवारी अंडं चालतं की नाही यावर दोन तट पडले आणि ज्यांना चालत नव्हतं त्यांनी अंडी मोजून आत ठेवली. शेवटी तोंडाशी भांबुर्डीचा बोळा गुडघ्यानं दाबून बसवला, माठ पालथा घातला, भोवती काटक्या, सुक्या झावळ्या, पेंढा रचला आणि काडी लावली.

सुरुवातीचा वेळ फार छान गेला. पेंढा भसकन पेटला, झावळ्या तडतडल्या, थंडी पाठीमागे सरकली. आणि कुंपणापलीकडे डीजे सुरू झाला.

तिथे एका कंपाउंडमध्ये 'पोपटी नाइट' होती. माणशी दर, दिव्यांच्या माळा, निवेदक. मला या प्रकाराचा राग येतो आणि तो विनोदात नीट बसत नाही, म्हणून तसाच सांगतो. वाल कुंडीत येत नाही. भात कापलं की त्याच शेतात, मातीत उरलेल्या ओलीवर तो पेरतात. वेगळं पाणी लागत नाही, थंडी आणि दव यांवर तो वाढतो आणि पौष-माघात शेंगा भरतात. म्हणजे वाल हवा तर आधी भात हवं, आणि भात हवं तर शेत हवं. ते शेत विकून, भराव टाकून, भिंत घालून, तिथे बाहेरून शेंगा आणून पोपटीचं तिकीट लावायचं. वर निवेदक 'आपली माती, आपली संस्कृती' असं ओरडणार. आपली माती त्या पेव्हर ब्लॉकखाली आहे, बाबा.

ते कंपाउंड म्हणजे पूर्वीचं मावशीच्या दिरांचं शेत. घरच्या शेंगा तिथल्याच असायच्या. यंदा मावशीनं पहिल्यांदा बाजारातून विकत आणल्या. तेव्हा बायको सोबत होती. मावशीनं भाव विचारला, बाईनं सांगितला, मावशीनं पुन्हा विचारला. भाव जास्त होता असं नाही. तिला शेंगेचा भाव विचारायची सवय नव्हती. दुपारी ओसरीवर बसून तिनं एकेक शेंग उलटसुलट करून कीड पाहिली. मी शेजारी खुर्चीत होतो. एरवी मला अशा वेळी खूप काही सुचतं. "मदत करू का?" एवढंच विचारलं. "तुमी बसा, जावयबापू," म्हणत तिनं ओंजळभर शेंगा माझ्या मांडीवर ठेवल्या, आणि मी निवडलेल्या पुन्हा एकदा निवडल्या.

तर डीजे सुरू झाला आणि त्याच सुमाराला आमच्या माठानं शिट्टी मारली.

बटाटा आतून-बाहेरून भाजून आकसला होता आणि त्याच्या कडेनं वाफ निसटत होती. साडूंचा चेहरा उजळला. "एक," ते म्हणाले. आता घरचा कुकर धरून ते शिट्ट्या मोजू लागले. वाल म्हणजे तीन, मोठ्या आचेवर. मेहुणे म्हणाले, कुकरला पाणी घालतात, यात पाणी कुठंय? साडू म्हणाले, नोकरीनिमित्त वलसाडला होतो, तिथे थंडीत महामार्गाच्या कडेला उंबाडियुं मिळतं, तेही असंच, पापडीच्या शेंगा, कंद, पालथं मडकं, भोवती जाळ. "पण," बायको म्हणाली, "तिथल्या मडक्याला भोक असतं का?" साडूंनी विषय जाळाकडे वळवला.

तिसरी शिट्टी झालीच नाही. बटाटा आत पडला. भोकातून वाफेचा सरळ खांब निघाला आणि असा काही घमघमाट सुटला, की कुंपणापलीकडची दोन-चार डोकी वर आली. "वास सुटला म्हणजे शिजली," मेहुण्यांनी जाहीर केलं. मी त्यांच्या लक्षात आणून दिलं की जो वास आपल्याला येतोय तो आत असायला हवा होता. हेही बिनतोड होतं. त्याचीही वाट तीच लागली.

वाफ हळूहळू संपली. मग धूर आला, आधी पांढरा, मग पिवळट. आतला पाला वाळून कोळ झाला होता, वरून हवा मिळत होती, झावळीची ठिणगी कुठून तरी आत गेली असावी. बघता बघता माठाच्या टाळूतून वीतभर ज्योत उभी राहिली. बाहेरचा जाळ एव्हाना ओसरला होता. आता माठच पेटला होता आणि आम्ही त्याच्याभोवती शेकत होतो.

पोपटी झाली का हे बघायची जुनी रीत साधी आहे. मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे, चर्रकन वाजून उडाले की झाली. मेहुणे तांब्यात बोटं बुडवून पुढे झाले. पण भाचा शहरात वाढलेला, शाळेत अग्निशमनाचं प्रात्यक्षिक पाहिलेला. त्यानं विहिरीजवळची बादली उचलली आणि सगळी ओतली.

टच्च!

माठ कमरेत दुभंगला. वरचा अर्धा भाग घसरला, राखेचा लोट उठला, एक अंडं उडालं. आम्ही सगळे एकाच रंगाचे झालो. मावशी काठी घेऊन आली, तुकडा उलटवून पाहिला आणि म्हणाली, "चला, उघडायचा तरास वाचला."

आत तीन प्रती होत्या. भोकाजवळच्या शेंगांचा कोळसा. तोंडाजवळच्या, बादलीनं भिजलेल्या, कच्च्या. आणि मधला थर असा, की त्याचं वर्णन करताना मला अध्यक्षपदाचा विसर पडतो. सालीवर मिठाची पांढुरकी साय, अंगठ्यानं दाबली की शेंग मऊ उकलते, आतला दाणा वाफेनं फुगलेला, ओवा आणि भांबुर्डी यांच्यामधल्या कुठल्याशा चवीचा. सुका झाल्यावर हाच वाल कडवट होतो, भिजवा, मोड आणा, सोला, तेव्हा कुठे बिरड्याला तयार होतो. ओला असताना मात्र काही मागत नाही. मावशीनं कच्च्या शेंगा निखाऱ्यांवर पसरल्या, वर उरलेला पाला, त्यावर माठाच्या खापऱ्या झाकल्या आणि भोवती गरम राख लोटली. कोणाला विचारलं नाही. थोड्या वेळानं त्याही झाल्या, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांपेक्षा बऱ्या झाल्या. सोबत पांढरा कांदा, बुक्कीनं फोडलेला. याला भौगोलिक मानांकन आहे, अशी माहिती साडूंनी दिली. तोंडात कांदा असल्यामुळे ती थोडक्यात आटोपली.

खुर्चीवरून शेंगांपर्यंत हात पोचत नव्हता. मी खाली बसलो. पुढचं पुढे, म्हटलं.

आम्ही साली चोखत असताना कुंपणाच्या दारातून दोन पोरं आली, पलीकडच्या पोपटी नाइटचे टी-शर्ट घातलेली, घाबरीघुबरी. त्यांचं मडकं कधीपासून जाळावर होतं, पाहुणे ताटं घेऊन बसले होते आणि काढायचं कधी ते कोणालाच कळेना. "आजी, तुमचा वास लय भारी आला," एक पोरगा म्हणाला. "कसं वळखायचं?"

मावशीनं तोंड उघडलं, पण साडू आधीच उठले होते. त्यांनी शर्टावरची राख झटकली, दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"मडक्याला भोक पाडलंय का?"

"नाय," पोरगा म्हणाला.

"मग कसं कळणार?" साडूंनी खिशातून तोटी काढली. मीही खालूनच, मान उंच करून, दुजोरा दिला.