वाढीव पाच हजार

काही माणसांना वस्तू हवी असते म्हणून ती बोली लावतात, तर काहींना समोरचा बोली लावतोय हे बघवत नाही. दुसऱ्या जातीच्या माणसांचा मूळपुरुष म्हणजे रोमचा सम्राट डिडियस जुलियानस. इसवी सन १९३ मध्ये त्याने चक्क लिलावात रोमचं साम्राज्य घेतलं.

तसं त्याला काही कमी नव्हतं. पैसा रग्गड, प्रांतांची सुभेदारी करून झालेली, कॉन्सलपद भोगून झालेलं. स्वस्थ बसून नातवंडांना गोष्टी सांगायच्या! पण २८ मार्चला सम्राटाच्या रक्षणासाठी असलेल्या प्रेटोरियन शिपायांनी आपलाच सम्राट पर्टिनॅक्स मारला आणि रिकामी गादी विकायला काढली. छावणीच्या आत पर्टिनॅक्सचे सासरे सुल्पिकियानस बोली लावत होते. जावयाचं सुतक पाळायला सवड कुणाला? दरवाजाबाहेर आपले जुलियानस. शिपाई दोघांमध्ये हेलपाटे घालत होते: "ते एवढे देतायत, तुम्ही काय म्हणता?"

सासरेबुवा माणशी वीस हजार सेस्टर्सपर्यंत चढले. शंभर-दोनशेने पुढे सरकायचं, तर जुलियानसने एकदम पाच हजार वाढवले. ओरडून सांगितलं, वर बोटांनीही दाखवलं. शिवाय कानमंत्र दिला, की हा मेलेल्याचा सासरा आहे, उद्या सूड उगवेल. पंचवीस हजार म्हणजे दर शिपायामागे अडीचशे सोन्याची नाणी. सौदा पटला.

त्या काळी सिनेटमध्ये असलेला इतिहासकार डिओ लिहितो, की राजवाड्यात पर्टिनॅक्ससाठी रांधलेलं साधं जेवण पाहून जुलियानस हसला, उंची पदार्थ मागवले आणि प्रेत आत असतानाच फासे खेळत बसला. दुसरं एक जुनं चरित्र सांगतं, की तो इतका काटकसरी होता की डुकराचं पिल्लू किंवा ससा तीन दिवस पुरवून खायचा. विद्वानांना इथे विसंगती दिसते. मला दिसत नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारा आणि लिलावात हात वर करणारा, हा बहुधा एकच गृहस्थ असतो.

मग नाणी पाडली. सोन्याच्या ऑरियसवर एका बाजूला दाढीवाले महाराज. मागे कुठे 'सैनिकांची एकजूट', तर कुठे 'जगाचा नियंता'. एकजूट विकत घेतलेली आणि जग अजून ताब्यात यायचं होतं, पण छापायला काय जातं? बायको स्कँटिला आणि मुलगी क्लारा यांनाही 'ऑगस्टा' किताब आणि आपापली नाणी मिळाली. घरच्यांची हौस राहायला नको.

रस्त्यावरचे लोक मात्र बिघडले. सिनेटच्या दारातच त्यांनी त्याला राज्यचोर म्हटलं. त्याने सवयीने पैसे देऊ केले, तर लोक म्हणाले, नकोत! पैसे नाकारणारं गिऱ्हाईक त्याने कधी पाहिलंच नसावं. तिकडे पॅनोनिया प्रांताहून तिथला सुभेदार सेव्हेरस गादीसाठी फौज घेऊन निघाला. जुलियानसने आधी त्याला देशाचा शत्रू ठरवलं, मग अर्धी गादी देऊ केली. संरक्षणासाठी हत्ती आणले. त्यांनी पाठीवरचे मनोरे आणि माहूतही फेकून दिले.

सहासष्टाव्या दिवशी सगळं आटोपलं. मारायला आलेल्या शिपायासमोर त्याने विचारलं म्हणे, की मी काय वाईट केलं, कुणाला मारलं? प्रश्न अगदी रास्त होता. त्याने बिचाऱ्याने फक्त जास्त भाव दिला होता. विक्रेत्यांचंही भलं झालं नाही. सेव्हेरसने प्रेटोरियनांना निःशस्त्र बोलावून घेरलं आणि रोमबाहेर हाकललं.

कारकीर्द इतकी आखूड की त्याची सोन्याची नाणी दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून महाग. आज ती लिलावात येतात तेव्हा शेवटच्या क्षणी उगाचच मोठी उडी मारणारा कोण, ते पाहून ठेवावं. मग त्याच्या घरी जाऊन हळूच विचारावं, की इथे एक ससा किती दिवस पुरतो?