वय झालं, दुसरं काय?

वसमतच्या आमच्या आत्यांच्या साऱ्या दुखण्यांचं निदान घरात एकमतानं ठरलेलं होतं. हाडं ठणकली, वय झालं. हळदीचा हिशेब चुकला, वय झालं. रात्रीतून तीनदा पाणी प्यायला उठल्या, तरी वयच. या निदानाला फी पडत नाही, हा त्याचा मोठा गुण. मुतखडा झाला तेव्हा मात्र वयाचंही काही चालेना, आणि नांदेडच्या डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं. ते चांगलंच वाढलेलं निघालं, आणि आमच्या सूनबाई तर हाडांसाठी रोज कॅल्शियमची गोळी चारत होत्या!

गळ्यात थायरॉइडच्या मागे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यातली एखादी फुगली की हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओतत राहते. हाडं पोकळ होतात, मूत्रपिंडात खडे होतात, पोट साफ होत नाही, मन उदास राहतं. गाठ बहुधा साधीच असते, कॅन्सरची क्वचित. आत्यांच्या गळ्यातही अशीच गाठ निघाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. आत्यांचा आक्षेप वेगळाच होता: "मसुराएवढ्या दाण्यासाठी गळा कापायचा?"

त्यांना गोष्ट सांगितली. या ग्रंथी आधी सापडल्या त्या रिचर्ड ओवेन यांना, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्याच्या गळ्यात. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन 1880 मध्ये स्वीडनच्या सँडस्ट्रॉम यांनी केलं आणि 1925 मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी एका ट्राम कंडक्टरची गाठ काढली. आत्या म्हणाल्या, "गेंड्याची कातडी ऐकून होते, गळा आजच कळला." चार्ल्स मार्टेल नावाच्या अमेरिकन कप्तानाची गोष्ट मात्र मी गिळली. सहा ऑपरेशनांत त्यांची गाठ हाती लागली नाही. 1932 मध्ये सातव्या खेपेला ती छातीत सापडली.

आता आधी स्कॅन करून गाठीचा ठावठिकाणा काढतात. या ग्रंथींचा हार्मोन रक्तातून काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासतात; हार्मोन निम्म्याहून खाली आला की काम फत्ते. ऑपरेशननंतर आत्यांच्या ओठांना मुंग्या आल्या, कॅल्शियम उतरलं होतं. मग पुन्हा गोळ्या सुरू, या वेळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून. सूनबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

प्रत्येकाला सुरी लागतेच असं नाही. काहींना नुसतं तपासण्यांवर ठेवतात. पण निव्वळ वय जास्त म्हणून ऑपरेशनला नाही म्हणू नका. घरातल्या म्हाताऱ्यांना कॅल्शियमची गोळी देण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या, आणि आकडा जास्त निघाला तर पॅराथायरॉइड हार्मोनचीही तपासणी मागा.