पिवळा दिसेल तो पेशंट

जुलै लागला की आमच्या जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला यकृत आठवतं. २८ तारखेला जागतिक हिपॅटायटिस दिन. त्याच्या तयारीच्या बैठकीत पहिला तास फलकाच्या रंगावर गेला. कावीळ म्हणजे पिवळा, यावर एकमत झालं. एक तरुण डॉक्टर चाचरत म्हणाला, "साहेब, सी प्रकारात बहुतेकांना कावीळ दिसतच नाही. वीस-वीस वर्षं माणूस ठणठणीत हिंडतो आणि एक दिवस पोटात पाणी होऊन येतो."

"दिसत नाही, तर फलकावर दाखवायचं काय?" साहेबांनी विचारलं. पिवळा मंजूर झाला.

बरं, योजनेला नावं ठेवावीत तर तीही सोय नाही. २०१८ साली याच तारखेला हिपॅटायटिसविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तपासणी फुकट, औषध फुकट. २०१३ मध्ये अमेरिकेत सी प्रकारावरची जी गोळी हजार डॉलरला एक अशी विकायला निघाली, ती इथे सरकारी दवाखान्यात एक पैसा न देता मिळते. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात आणि शंभरातले पंचाण्णव खडखडीत बरे होतात. लस नाही, पण औषध असं रामबाण. २०३० पर्यंत रोगाचा निकाल लावायचा असं ठरलंय. फक्त, २०२२ मध्ये तो देशात ५५ लाख लोकांच्या अंगात होता असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

"पण पेशंटच येत नाहीत हो," साहेब कळवळून म्हणाले.

येतात की! वेशीबाहेरच्या कावीळ उतरवणाऱ्या बुवांकडे रविवारी उजाडायच्या आत रांग लागते. बुवा हातावर चुन्याचं पाणी ओततात, पाणी पिवळंधमक होतं, सोबतच्या म्हातारीचा जीव भांड्यात पडतो. केसपेपर नाही, आधार कार्ड नाही, "किट संपलंय, मंगळवारी या" नाही. रिपोर्ट जागच्या जागी. पलीकडच्या गल्लीत एक 'डॉक्टर' बसतात. सुई टोचल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही आणि सुई बदलली की डॉक्टरांना बरं वाटत नाही. रोगाचं नियोजन तिथे बिनबोभाट चालू असतं.

शेवटी त्या तरुण डॉक्टरने इजिप्तचा दाखला दिला. तिथे सरकारनेच पूर्वी एका कृमिरोगावर गावोगाव इंजेक्शनं दिली. सुया त्याच त्याच, त्यामुळे सी घरोघरी पोचला. मग २०१८-१९ मध्ये सरकारनेच कोट्यवधी लोकांना शोधून तपासलं, लाखोंना औषध दिलं. पेशंट यायची वाट बघत बसले नाहीत.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे चूक त्यांचीच होती, म्हणून त्यांना निस्तरावं लागलं. आपण तर काहीच केलेलं नाही."

इतिवृत्तात हे वाक्य जसंच्या तसं आलंय. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत.