पाच वर्षांनी कुठे?

एप्रिल उजाडला की सातपूरच्या एमआयडीसीत ध्येयांचा हंगाम सुरू होतो. कुठल्याशा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये व्याख्याते येतात, पडद्यावर एव्हरेस्ट झळकतं आणि पहिली पाळी संपवून आलेली माणसं जांभई गिळत टाळ्या वाजवतात. ध्येय कसं हवं? नेमकं, मोजता येणारं, मुदतीत बसणारं. १९८१ साली जॉर्ज डोरान यांनी हे सूत्र मांडलं ते व्यवस्थापकांसाठी. कामगारांच्या वाट्याला ते समोशाबरोबर आलं.

मग फॉर्म वाटतात : ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ मागच्या बाकावरचा टेंपररी पोरगा पेन चावत बसतो. त्याला सातव्या महिन्यापुढचं काही दिसत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले की सेवा सलग धरली जाई; मग काढायचं तर नोटीस आणि भरपाई आली. म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ देण्याची रीत पडली. (सगळ्याच कंपन्या तशा नाहीत, हेही लिहून ठेवतो.) डोरानच्या सूत्रात या ‘ब्रेक’इतकं चपखल बसणारं ध्येय दुसरं सापडणार नाही आणि ते गाठायला व्यवस्थापनाला कुणाचं भाषण लागत नाही.

पोरगा लिहितो, ‘पर्मनंट’. सुपरवायझर म्हणतो, ‘अरे, आपल्या हातातलं काहीतरी लिही.’ तो खोडतो आणि लिहितो, ‘सकारात्मक राहीन.’

व्याख्याते साहेब, पुढच्या एप्रिलला कॅन्टीनमध्ये थांबू नका. थेट वरच्या मजल्यावर जा, एचआरच्या केबिनमध्ये. विषय ठेवा : दिवस २४१ वा.